अब्बांची आरएक्स आणि बहिणीचा हिस्सा



भंगारवाल्याने सीट दाबून पाहिली, तेव्हा फाटक्या रेक्झिनमधून वाळलेल्या काड्यांचा पुंजका बाहेर आला. चिमण्यांनी आत घर केले होते. त्याने चाक लाथेने हलवले. ते हलले नाही. मग तो म्हणाला, "साडेतीन हजार देतो. लोखंडाचाच भाव आहे. ही आता चालत नसते."

अंबडला माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपांच्या घरामागे कडुलिंबाखाली ही गाडी कित्येक वर्षे उभी होती. यामाहा आरएक्स १००. माझे मरहूम दुल्हेभाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. अल्लाह त्यांची मगफिरत करो. १९९४ साली पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी ही गाडी घेतली आणि बदली होईल त्या गावच्या शाळेत तिच्यावरच गेले. पुढे साखरेच्या आजाराने पाय अधू झाले, किक मारवेना, आणि २०१२ साली त्यांनी गाडी झाडाखाली लावली ती लावलीच. २०१९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

आपल्या जिल्ह्यात भंगाराचे पुढे काय होते, हे सगळ्यांना माहीत आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत ते वितळते आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडते. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या व्यापाराची, पण आजचा पाळणा लोखंडाचा आहे. दुल्हेभाईंची गाडीही कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेली असती. माझा भाचा आडवा आला. "मामू, गाडी द्यायची नाही. मी ती उभी करतो."

या सदरात आपण घरातल्या हुन्नराबद्दल बोलतो. या वेळचा हुन्नर जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करण्याचा आहे. पण त्या कामात मला एक असा नट लागला, जो कुठल्याही पान्ह्याने सुटत नाही. तेही सांगणार आहे.

ती सात, ही शंभर

भाचा मोबाईलवर जपानी स्पोर्ट्स कार पाहत बसतो. तिकडची मुले वीस-तीस वर्षे गॅरेजात धूळ खात पडलेली डॅटसन २४०झेड किंवा माझदा आरएक्स-७ बाहेर काढतात, सांधा न् सांधा सुटा करतात आणि पुन्हा रस्त्यावर आणतात. मी त्याला म्हणालो, "बाळा, त्यांची आरएक्स-७, आपली आरएक्स १००. काम तेच, फक्त दोन चाके कमी." जपानी वेगाची जी गाडी आपल्या तालुक्यांच्या गावांना परवडली, ती हीच.

१९८०च्या दशकात जपानच्या चारही मोठ्या मोटारसायकल कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर इथे आल्या. होंडा हिरोबरोबर, सुझुकी टीव्हीएसबरोबर, कावासाकी बजाजबरोबर आणि यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत त्याचा पगार आला. त्याच वर्षाच्या अखेरीस आरएक्स १०० बाजारात आली. इंजिन फक्त ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्तीच्या आसपास, आणि वजन जेमतेम शंभर किलो. हलके अंग आणि तापट इंजिन, म्हणून तिचा पिकअप लोकांच्या मनात बसला. मार्च १९९६ मध्ये धुराच्या नियमांमुळे तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक आरएक्स १०० किमान तीस वर्षांची आहे.

तिचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला होतो. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, भाग थोडे. म्हणून ती घरी उघडता येते. पण क्रँक आणि पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलमधून. ऑइल चुकले की इंजिन गेले, आणि ऑइल जळते म्हणून निळा धूर. गुण आणि दोष एकाच ठिकाणचे.

घाई केली की नट तुटतो

पहिल्या दिवशी भाच्याला किक मारून बघायची होती. मी हात धरला. इतकी वर्षे बंद पडलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा बोअरला गंजाने चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते आणि बोअर ओरखडतो. आम्ही स्पार्क प्लग काढला, त्या भोकातून डिझेल आणि ऑइल निम्मे-निम्मे ओतले आणि आठवडाभर गाडीला हात लावला नाही. नंतर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू मागेपुढे झुलवले. चौथ्या दिवशी 'कट्' असा आवाज आला आणि पिस्टन सुटला. घरात ईदसारखा आनंद झाला.

सुटे करताना तीन नियम पाळले. पहिला, प्रत्येक भाग उघडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो. दुसरा, प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी. आपांचे लोणच्याचे रिकामे डबे सगळे संपले. तिसरा, जाम नटावर हातोडा नाही. आधी गंज सोडवणारे तेल, मग वाट पाहणे, मग नीट बसणारा रिंग पान्हा. पक्कडीने धरलेला नट गोल होतो आणि मग छन्नीशिवाय निघत नाही.

या कामात धाकटी भाची आमच्यात कधी सामील झाली, कळलेच नाही. ती सुरुवातीला टॉर्च धरायची. मग रॉकेलमध्ये नट धुवायला लागली. आणि कार्बोरेटर आला तेव्हा तिने आम्हा दोघांना बाजूला केले. जुने पेट्रोल सुकून आत राळेसारखे झाले होते. जेटचे भोक सुईएवढे. आपल्याकडे सर्रास तार घालून ते साफ करतात, तेवढ्याने भोक मोठे होते आणि गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. तिने जेट दोन दिवस क्लीनरमध्ये ठेवले, हवा मारली आणि उजेडासमोर धरून पाहिले. भोक चंद्रासारखे गोल दिसेपर्यंत तिने ते सोडले नाही.

हेड आणि सिलिंडर काढला तेव्हा बोअरवर गंजाची रेघ होती. या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. जालन्याला एका जुन्या लेथवाल्याकडे नेला. त्याने मोजून सांगितले की पाव मिलिमीटरने काम होणार नाही, अर्ध्याचा पिस्टन आणा. आधी पिस्टन आणायचा, मग तो मोजून त्याच्या मापाने बोअर करायचा, उलट नाही. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील नवी घातली. हा वीस-तीस रुपयांचा रबर लोक वगळतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद लागते. सील गळके असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, त्याबरोबर ऑइलही कमी पडते, आणि नवा पिस्टन पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये चिकटतो.

टाकी आतून लाल झाली होती. तिच्यात सायकलची जुनी चेन टाकून हलवली, पांढरा व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवला, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली आणि लगेच आतून ऑइलचा हात फिरवला. इथे एक इशारा द्यायलाच हवा. टाकीला भोक असेल तर ती घरी वेल्डिंग करू नका, कितीही वर्षे रिकामी असली तरी. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो आणि माणूस जातो. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, ते जुन्या रबराला मानवत नाही. ऑइल पंपाची खात्री होईपर्यंत आम्ही पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिली टू-टी ऑइल मिसळत होतो.

काम करताना मला हजरत दाऊद (अलै.) यांची आठवण व्हायची. कुरआनात त्यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापात जोडण्याच्या हुकमाचा उल्लेख आहे. एका प्रेषिताच्या हातातही लोखंडाचे काम होते आणि त्यातही मापाची ताकीद होती. हाताला काळे लागणारे काम हलके समजणाऱ्यांनी हे आठवावे.

पुंगळीचा वाद

गाडी उभी राहू लागली तशी भाच्याची स्वप्ने वाढली. सायलेन्सर कापायचा, मागचे मडगार्ड उडवायचे, आरएक्स १३५चा पाच गिअरचा बॉक्स बसवायचा. सायलेन्सरवरून आमचे दोन दिवस बोलणे बंद होते.

मी त्याला आधी यंत्राची भाषा सांगितली. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबणारा डबा नव्हे, तो इंजिनाचाच भाग आहे. त्याचा फुगा आणि निमुळता भाग मापाने केलेला असतो. स्फोटानंतर निघालेली दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि बाहेर पळू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. तो कापला की आवाज वाढतो आणि ताकद घटते. आपण ढोल विकत घेतो आणि घोडा विकतो. त्यापेक्षा आतली नळी काढून तीस वर्षांचा कार्बन साफ कर, बघ गाडी कशी मोकळी होते. त्याने साफ केला. नळीतून वाटीभर काजळी निघाली.

मग कायद्याची भाषा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या गाडीत मनाने बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्या रोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आणि शेवटी शेजाऱ्याची भाषा. समोरच्या घरात तान्हे बाळ आहे. मागच्या गल्लीत हृदयाचे दुखणे असलेले काका आहेत, ते हिंदू आहेत की मुसलमान, हा प्रश्न शेजाऱ्याच्या हक्कात येत नाही. ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानाबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी किती कडक इशारा दिला आहे, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि मशिदीबाहेर येऊन रेस पिळतो.

भाचा ऐकला. बदल केले ते चालवणाऱ्याचा जीव वाचवणारे: नवे टायर, नवे ब्रेक शू, उजळ बल्ब, आरसे दोन्ही बाजूंना. या गाडीला ड्रम ब्रेक आहेत आणि तिचा वेग तिच्या ब्रेकपेक्षा नेहमीच पुढे राहिला आहे. हे विसरलेले कितीतरी तरुण आज आपल्यात नाहीत.

बाजारातून भाग घेतानाही जपा. एकाने बिलाशिवाय 'पूर्ण इंजिन' स्वस्तात देऊ केले. इंजिनावर नंबर असतो आणि चोरीला जाणाऱ्या गाड्यांत आरएक्सचे नाव नेहमी असते. त्या नंबरामागे कुणाचे तरी अश्रू असतील, तर आपल्या घरात ते इंजिन हलाल कसे होईल? आम्ही नको म्हणालो.

"कशाची सही?"

सात महिन्यांनी गाडी तयार झाली. आता कागद. दुल्हेभाई शिस्तीचे. पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण त्यांनी २००९ मध्ये केले होते, ते २०१४ ला संपले. म्हणजे नूतनीकरण, पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा, पीयूसी, नवी सुरक्षा नंबरप्लेट हे सगळे लागणार होते. शिवाय गाडी मरहूम यांच्या नावावर. नियम असा की मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यावी. आम्ही वर्षे घालवली होती. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, चेसी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले.

मी स्टॅम्प पेपर करून आणला. आपांनी सही केली. मग मी कागद धाकट्या भाचीपुढे सरकवला. "इथे सही कर."

तिच्या नखांत अजून कार्बोरेटरचे काळे होते. तिने विचारले, "कशाची सही, मामू?"

"गाडी भैयाच्या नावावर करायची आहे. तुझी हरकत नाही, एवढेच."

ती म्हणाली, "हरकत नाही. पण अब्बांच्या गाडीत माझा आणि बाजीचा हिस्सा आहे ना? तो कुठे लिहिलाय?"

खोलीत कुणी बोलले नाही. मी पाच वेळची नमाज पढतो, या मासिकात लिहितो, आणि सात महिन्यांत एकदाही माझ्या मनात हा प्रश्न आला नव्हता. साडेतीन हजारांचे भंगार असताना ती कुणाचीच नव्हती. किमतीची झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकले की ती मुलाची.

गाडीचा हिशेब

मृताच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज (त्यात न दिलेला मेहरही आला), मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत असेल तर ती, आणि उरेल ते सगळे वारसांचे. त्यांचे वाटे सूरह निसामध्ये ठरवून दिले आहेत. त्यात जमीन आणि सोनेच तेवढे येते, असे कुठेही नाही. शिलाई मशीन येते, घड्याळ येते, झाडाखालची गाडीही येते.

दुल्हेभाईंच्या मागे बायको, एक मुलगा आणि दोन मुली. आई-वडील आधीच वारलेले. मुले असल्यामुळे बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन आणि प्रत्येक मुलीला एक. ३२ भाग धरले तर आपांचे ४, भाच्याचे १४ आणि दोन्ही मुलींचे प्रत्येकी ७.

आता किंमत कोणती धरायची? तयार गाडीची, की झाडाखालची? तयार गाडीत भाच्याचा पैसा होता, घाम होता. आम्ही जाणकार आलिमांना विचारले आणि त्यांच्या सल्ल्याने सगळ्या वारसांनी एकत्र बसून ठरवले. काम सुरू करण्याआधी ती गाडी, भंगार म्हणून नव्हे तर दुरुस्त करण्याजोगी गाडी म्हणून, बाजारात किती आली असती? दोन मिस्त्रींना वेगवेगळे विचारले आणि २४,००० रुपयांवर सगळे राजी झाले. एका भागाचे ७५० रुपये. आपांचे ३,०००, दोन्ही मुलींचे प्रत्येकी ५,२५०, आणि भाच्याचा स्वतःचा वाटा १०,५००. म्हणजे त्याने तिघींना मिळून १३,५०० रुपये द्यायचे. त्याने तीन हप्त्यांत दिले. तुमच्या घरची परिस्थिती वेगळी असेल, तर आपल्या मुफ्तींना विचारूनच हिशेब करा.

थोरली भाची बदनापूरला दिली आहे. ती फोनवर म्हणाली, "राहू दे भैया, मला काय करायचेत?" मी मध्ये पडलो. म्हणालो, आधी पैसे तिच्या हातात पडू देत, मग तिला वाटले तर ती तुला बक्षीस देईल. हिस्सा हातात येण्याआधी सोडणे आणि आल्यावर मर्जीने देणे, यांत फरक आहे. पैसे हातात आल्यावर तिने ते ठेवून घेतले. मुलांच्या फीला लागले म्हणाली. धाकटीने तिच्या पैशातून हेल्मेट घेतले आणि शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरला.

नॉमिनीबद्दलही बोलून ठेवतो. आता गाडीच्या नोंदणीत वारस म्हणून एकाचे नाव आधीच लिहून ठेवता येते. सोय चांगली आहे, फेऱ्या वाचतात. पण नाव लागले म्हणून शरिअतने दिलेले बाकीच्यांचे वाटे मिटत नाहीत. नॉमिनी हा अमानतदार समजावा.

माझा हिशेब

आता तो पान्ह्याने न सुटणारा नट.

भाचीने "कशाची सही?" विचारले तेव्हा आपा तिथेच ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण मला २००३ सालचा एक दिवस आठवला. आमच्या अब्बांच्या पाच एकर जमिनीचे हक्कसोडपत्र. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. आपांनी सही केली आणि सातबारावर आम्हा दोघा भावांची नावे लागली, अडीच-अडीच एकर. वीस वर्षे मी लोकांना अभिमानाने सांगत आलो की आमच्या आपांनी खुशीने हिस्सा सोडला.

त्या संध्याकाळी मी विचारले, "आपा, तुम्ही तेव्हा खुशीने सही केली होती ना?"

आपा बराच वेळ ज्वारीतले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नव्हतं रे. सही कुठं करायची, तेवढं सांगितलं होतं."

मराठवाड्यातल्या किती घरांत असे झाले आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. हिस्सा मागितला तर माहेर तुटते, हे मुलीला लहानपणीच कळते. म्हणून ती मागत नाही, आणि तिच्या न मागण्याला आपण 'माफ केले' म्हणतो. लग्नात खर्च केला, ईदला कपडे केले, हे आपले उत्तर तयार असते. पण भेट ही भेट असते, तिने वाटा फिटत नाही.

हिशेब सोपा आहे. दोन, दोन आणि एक. पाच एकरांतला एक एकर आपांचा. आम्हा भावांकडे प्रत्येकी वीस गुंठे जास्त आहेत. माझ्या बाजूचे वीस गुंठे आपांच्या नावे करण्याचे कागद मी करायला दिले आहेत. त्या तुकड्यावर मोसंबी आहे. यंदाच्या आंबे बहाराचे त्या झाडांचे पैसे मी त्यांच्या हातात दिले. त्यांनी मोजले आणि पदराच्या गाठीत बांधले. गेल्या वीस वर्षांच्या पिकाचा हिशेब अजून बाकी आहे. धाकट्या भावाशी बोलणे चालू आहे. तो रागावलेला आहे, "इतक्या वर्षांनी हे काय काढलंस" म्हणतो. मी आठवड्याला एकदा त्याच्याकडे जाऊन बसतो. जाम नटावर हातोडा नाही, हा नियम मी इथेही पाळतो आहे. दुआ करा.

गाडी निघाली

नोंदणी पूर्ण झाली त्या दिवशी असरनंतर भाच्याने किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन बोलले. कंपनीचा सायलेन्सर, त्यामुळे आवाज भरलेला पण मर्यादेत. समोरचे बाळ उठले नाही. पहिले पाचशे किलोमीटर पिस्टन-रिंग बसेपर्यंत रेस दाबायची नाही, हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले. तीस वर्षांपूर्वीची गाडी आहे, धूर करते, ऑइल जाळते. रोजच्या कामाला ती वापरायची नाही, असेही ठरले. जुम्याला आणि नातेवाइकांकडे जायला तेवढी निघते. त्याच्या मागे पहिल्यांदा आपा बसल्या. मागचा दांडा त्यांनी त्याच जुन्या सवयीने, डाव्या हाताने धरला.

ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी, शिलाई मशीन, रेडिओ किंवा पिठाची गिरणी धूळ खात पडली असेल, त्यांनी ती मुलांबरोबर, मुलींबरोबरही, जरूर उघडावी. सुट्टीतले दोन महिने मोबाईलपासून सुटतील. पण पहिला पान्हा लावण्याआधी घरच्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि ही वस्तू कुणाकुणाची आहे, ते एका वहीत लिहा. आम्ही ते सात महिने उशिरा लिहिले. माझ्या बाबतीत वीस वर्षे उशिरा.

तुमच्या घरातले अनुभव नेहमीप्रमाणे कळवा. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.